काखेखालचा पट्टा

मी, लायल ऑरिन हॅस्केट, वय वर्षे बावीस, धंदा मिळेल तो, सध्या अमेरिकी पायदळात शिपाई, राहणार

इथेच अडलो. माझ्या वर टांगलेल्या झोपायच्या झोळीत मर्ल फिंच पाय खाली सोडून बसलाय. सैन्यात येण्याआधी तो ओहायोत कोर्टात कारकून होता. उद्या आमच्या होडीतून किनाऱ्यावर उतरणाऱ्या निम्म्या लोकांची मृत्युपत्रे त्यानेच मजकूर सांगून लिहवली आहेत.

"कायमचा पत्ता टाक," तो म्हणाला.

"नाहीये."

"मग जन्मलास कुठे, मालगाडीत?"

जन्म नेब्रास्कात, लूप नदीच्या काठी. मालगाडी पंधराव्या वर्षापासून. तर राहणार कुठेच नाही, असा मी, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (समोरचे जर्मन सोडून), हे लिहून ठेवतो. फिंचच्या मजकुरात "शरीराने व मनाने स्वस्थ" असे शब्द होते, ते मी खोडले. कालपासून झोप नाही की घास नाही. डोके मात्र शाबूत आहे. ते शाबूत आहे म्हणूनच भीती वाटते.

कलम १. हे आत्ताच का लिहितो. आज पहाटेच उतरायचे होते. समुद्र खवळला म्हणून सगळे एक दिवस पुढे गेले, आणि भीती एक दिवस जास्त शिजली. सैन्यात येईपर्यंत पाच वर्षे मी मालगाड्यांनी फिरलो. गाडी कुठे जाते हे एकदाही विचारले नाही, जाग यायची तिथे उतरायचो. वॉशिंग्टनमध्ये सफरचंदे तोडली, डाकोटात गहू कापला, मोन्टानात एका मेंढपाळाकडे सबंध हिवाळा काढला. त्याचा कुत्रा माणसापेक्षा शहाणा होता, पण ते असो. या वेळी मात्र कुठे उतरायचे ते बोटभर जागेपर्यंत ठाऊक आहे. फ्रान्सचा नॉर्मंडी किनारा. त्याचे पाच भाग पाडलेत. पश्चिमेकडचे दोन आम्हा अमेरिकनांचे, उरलेले इंग्रज आणि कॅनडावाल्यांचे. आमचा पश्चिमेकडून दुसरा. रात्री विमानांतून छत्रीवाले सैनिक उतरणार, मग बॉम्ब टाकणारी विमाने, मग जहाजांवरच्या तोफा, आणि साडेसहाच्या सुमारास आम्ही. वेळ ओहोटीची धरली आहे, कारण जर्मनांनी वाळूत रोवलेले सुरुंगांचे खांब तेव्हाच उघडे पडतात. खांब आम्हाला दिसतील हे खरे. पण कड्यावरच्या माणसालाही आम्ही दिसू, आणि मध्ये तीनशे पावले नुसती वाळू. हे सगळे सांगून त्यांनी माझे काय भले केले ते मला कळत नाही. हे वाचाल तोवर ते गुपित राहिलेले नसेल.

कलम २. घर. नाही. फिंच म्हणतो, "निरंक" लिही. लिहिले: निरंक. मात्र माझी थोरली बहीण आयोन हिच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे. ती माझ्यासाठी ठेवली आहे असे तिने सैन्यात आल्यावर मिळालेल्या एकुलत्या एका पत्रात कळवले होते. पंधराव्या वर्षी तिला न सांगता पळालो आणि पाच वर्षे एक ओळ पाठवली नाही, तरी. त्या खोलीवरचा माझा हक्क मी सोडतो. आयोनने तिथे भाडेकरू ठेवावा, पण खिडकीखाली मी लहानपणी कोरलेले इंजिन घासून काढू नये.

कलम ३. अवजारे व जुने हिशेब. आमचा बाप विहिरी खोदायचा. पाऊस सलग काही वर्षे हरवला तेव्हा लोक त्याला देवासारखे बोलवायचे. विहीर खचून तो तिच्यातच गाडला गेल्यावर आमोसकाकाने त्याची सगळी अवजारे एका दुपारी विकली. राहिले एक आखूड दांड्याचे फावडे, कारण ते मी आदल्या दिवशीच लपवले होते. काका सात वर्षे ते शोधतोय. ते शेजारच्या स्टॅनेक बाईंच्या धान्याच्या कोठारात, पूर्वेकडच्या तिसऱ्या फळीखाली आहे. ते आयोनला द्यावे. काकाला फक्त जागा सांगावी आणि त्याचे तोंड कसे झाले ते आयोनने नीट बघून ठेवावे.

खिशातला चाकू मर्ल फिंचला. ("मी पण उद्या तुझ्याच होडीत आहे, गाढवा," असे तो वरून म्हणतो. तरी त्यालाच.)

विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा मी. आमच्याकडे पाणी बादलीत असते. लूप नदी ओलांडताना गुडघा भिजला तर भाग्य समजायचे. मला पोहता येत नाही. जहाजाच्या कठड्याशी मी जातच नाही.

कलम ४. इमेट सॉर्ली. हे कलम फिंचच्या मजकुरात नाही. याबद्दल बोलायला बंदी आहे. तरीही हे लिहून ठेवतो, कारण मालमत्ता म्हणावी असे माझ्याकडे एवढेच आहे.

आम्हाला रबराचा एक पट्टा दिलाय. त्यात दोन चिमुकल्या बाटल्यांत वायू भरलेला असतो. बकलाजवळ दाबले की पट्टा फुगतो आणि माणूस तरंगतो. पाठीवर इतके ओझे असते की पट्टा काखेखाली नीट बसत नाही, म्हणून बहुतेक जण तो कमरेला बांधतात. इमेट केंटकीतल्या डोंगरातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने एका खलाशाचे ऐकून पट्टा काखेखाली बांधला होता. हे एप्रिलमधले, इंग्लंडच्या एका किनाऱ्यावर उतरण्याचा सराव होता त्या सकाळचे.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय आत्याबाई, छातीवरचं बायकी कॉर्सेट सैल झालं का?"

होडीभर हशा झाला. इमेटही हसला. म्हणाला, "गप रे, मालगाडीच्या उंदरा." आणि पट्टा खाली सरकवून कमरेला घेतला.

होडीचे दार खोल पाण्यातच उघडले. मी मागच्या रांगेत होतो, दोराला लटकून राहिलो. इमेट पहिल्या रांगेत होता. त्याने पट्टा फुगवला. हवा कमरेला आणि ओझे पाठीला, म्हणजे वजन वर आणि तरंगणे खाली. माणूस उलटा झाला. मला त्याचे फक्त बूट दिसले. दोन बूट पाण्यावर, नाड्या नीट बांधलेल्या. थोडा वेळ ते हलले.

संध्याकाळी आम्हाला रांगेत उभे करून सांगितले की जो बोलेल त्याच्यावर खटला भरला जाईल. मी बोललो नाही. खरे सांगायचे तर बंदी झाली याचे मला बरे वाटले. पट्ट्याबद्दल बोललो असतो तर कोणी तरी विचारले असते, त्याला कमरेला बांध असे सांगितले कोणी?

जागा भरायला नवी माणसे आली. फिंच त्यातलाच. आज सकाळी मी आमच्या होडीतली तीस माणसे मोजली. एकोणतीस पट्टे कमरेला. तिसावा माझा. तोही कमरेलाच, कारण वर घेतला असता तर कोणी तरी चिडवले असते आणि मला ते ऐकवले नसते.

इथवर लिहिले तेव्हा वरचे पाय हलायचे थांबले. फिंच माझ्या डोक्यावरून वाचत होता.

"हे खरंय?"

"हो."

"आणि तू पाच आठवडे गप्प होतास? आम्हाला बुडवायलाच बसला होतास की काय?"

 फिंच कागद ओढून घेत होता तेवढ्यात सार्जंट बर्डिक आला. तोही त्या सरावात होता. फिंचने कागद पुढे केला.

"सार्जंट, हे वाचा."

बर्डिकने पहिल्या चार ओळींवर नजर टाकली, मग मधल्या दोन. "मी काही वाचलेलं नाही," तो म्हणाला. "वाचलं तर याला कोठडीत टाकावं लागेल, आणि उद्या मला माणूस कमी पडेल." कागद त्याने माझ्या मांडीवर ठेवला. जरा वेळ माझ्या कमरेकडे बघितले, मग स्वतःच्या. मग ओरडला, "काय रे, पट्टे आहेत की पायजम्याच्या नाड्या? वर घ्या! काखेखाली! पाठीवरच्या ओझ्याचे बंद सैल ठेवा, पाण्यात झटकता आले पाहिजेत!"

"बसत नाही, सार्जंट!"

"बसव!"

झोळ्यांमध्ये धडपड सुरू झाली. कोपऱ्यातून आमच्याच होडीतला बुफालिनो ओरडला, "अरे, ही फौज आहे की आत्याबायांची सहल?"

सगळे हसले. मी एकेकाचा पट्टा बघत गेलो. पट्टा कोणीच खाली घेतला नाही. बर्डिकने आपलाही वर ओढला, आणि बुफालिनोला म्हणाला, "आत्याबाई, तुझा अजून खालीच आहे."

मी माझा घेतला तेव्हा बकल तीनदा सुटले. फिंचने लावून दिले.  भीती कमी झाली, असे कोणाला वाटू नये. जहाजाच्या इंजिनाची घरघर सुरू झाली आहे आणि मी बकल पुन्हा पुन्हा चाचपतोय.

कलम ५. इमेटची आई मिसेस ओरा सॉर्ली यांना कलम ४ जसेच्या तसे पाठवावे. माझे नाव त्यातून काढू नये.

कलम ६. पट्टा सरकारचा आहे, तो सरकारला परत. माझा देह सापडल्यास पट्टा कुठे होता ते सापडणाऱ्याने लिहून ठेवावे. कमरेला असेल तर मी शेवटपर्यंत भित्राच राहिलो असे आयोनला कळवावे. काखेखाली असेल तर काही कळवायची गरज नाही.

हा कागद जहाजाचा स्वयंपाकी थिओ ग्रँबो याच्याकडे ठेवणार आहे. तो उद्या आमच्याबरोबर उतरणार नाही, परत जाणार आहे. साक्षीला येताना त्याने मला मूठभर सुके जर्दाळू आणून दिले. खाववले नाहीत, फिंचला दिले.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले. खोडाखोड माझीच.

लायल ऑ. हॅस्केट

साक्षीदार १: मर्ल फिंच. (माझ्यासमोर सही झाली. सही करताना दोघांचेही पट्टे काखेखाली होते. म. फिं.)

साक्षीदार २: थिओ ग्रँबो, स्वयंपाकी.

सार्जंट बर्डिक यांनी सही करण्यास नकार दिला, कारण त्यांनी हे वाचलेले नाही.

ठिकाण: जहाज. नाव लिहिण्यास मनाई.
तारीख: ५ जून १९४४, दुपार.