इरम्माच्या नावचे थेंब

२८ जुलै, सोमवार
उमरग्याकडच्या गावात आरोग्याचा सर्व्हे. बीपी, वजन, मुठीचा जोर, सगळं झटपट. लोकांचा माझ्यावर पटकन विश्वास बसतो. फक्त सत्तरीच्या इरम्मानं बोट टोचू दिलं नाही. म्हणाली, श्रावणी सोमवारी रगत न्हाय काढायचं, उद्या पंचमी, उद्या बी न्हाय. परवा या.
परवा नक्की.

३० जुलै
काल नागपंचमीची पुरणाची दिंडं जरा जास्त झाली. अंग जड. त्यात सारखी लघवी, एवढ्या लांब गाडीवर कसं जाणार? उद्या पहाटेच निघायचं.

३१ जुलै, दुपार
रक्ताच्या थेंबांची कार्डं लॅबला पाठवायची आज शेवटची तारीख. इरम्माच्या कार्डावर माझ्याच बोटाचे थेंब टिपले. फसवणूक नाही म्हणता येणार. रक्त माणसाचंच आहे, आणि हजारोंच्या सरासरीत एक म्हातारी कुठं दिसते?
जेवण गेलं नाही. वांगं तिखट होतं.

८ सप्टेंबर
सुपरवायझर राजेश्वरी मॅडमचा फोन. धस्स झालं. पण शाबासकीच मिळाली. इरम्माची साखर भयंकर निघाली, माझ्यामुळं वेळेत कळलं, घरी निरोपही गेलाय.
माझ्यासारख्या धडधाकट माणसाची साखर वाढेल कशी? उलट चार किलो उतरलोय. लॅबच चुकली. मॅडमना सांगणार होतो, पण त्या खुशीत होत्या. विरजण कशाला घाला?

१५ सप्टेंबर
राहवेना, म्हणून गेलो. सून शिवानी म्हणाली, साहेब, लई उपकार झाले. तुमचा रिपोर्ट बघून गोळ्या चालू केल्या, गूळ कुलपात ठेवलाय. पण गोळी घेतली की म्हातारीला चक्कर येतीय, काल न्हाणीत पडता पडता वाचली.
घशाला कोरड पडली. दोन तांबे पाणी प्यालो. सांगणारच होतो, पण पाहुणे बसले होते. चारचौघांत असले विषय काढू नयेत.
लाज वाटते. तिला काही झालं तर?

१६ सप्टेंबर
सकाळीच गेलो. 'तांत्रिक त्रुटी' असं भाषण पाठ केलं होतं. शिवानीनं चहा पुढं ठेवला आणि तोंडातून भलतंच निघालं: गोळ्या बंद करा, ते रक्त इरम्माचं नव्हतं.
शिवानी तोंडाला येईल ते बोलली. मी ऐकून घेतलं.
इरम्मा एवढंच म्हणाली, मग कुणाचं हुतं?
माझं, म्हणालो.
तिनं माझ्यापुढची कपबशी उचलली आणि सुनेला सांगितलं, ह्याला बिनसाखरेचा आण.