बिनसलाईनचा आजार

बाबा, आज दुसऱ्या वर्षाच्या मुलांना रक्ताचे कॅन्सर शिकवले आणि तुमच्यामुळे वर्गात हशा झाला.

तशी मी नीट शिकवत होते. एका प्रकारात कच्च्या पेशी झपाट्याने वाढतात, तिथे उपचाराला उशीर चालत नाही. तुमचा तो दुसरा, संथ. त्यात पांढऱ्या पेशी पिकलेल्या दिसतात, पण वेळेवर मरत नाहीत, नुसत्या साठत जातात. त्रास सुरू होईपर्यंत बऱ्याचदा औषध देत नाहीत, फक्त रक्त तपासत राहतात. नागपूरच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच त्यांना पढवून ठेवलं होतं.

आपल्या आंधळगावात सलाईन लागल्याशिवाय माणूस आजारी ठरत नाही. बपेऱ्याची आत्या सफरचंदं घेऊन भेटायला आली आणि तुम्ही तिला सायकलवरून उतरताना सापडलात. ती गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठलंत.

"बाई, एक सलाईन लावून दे न. पाहुणे येऊन राहिले."

"कायले, बाबा? गरज नाही."

"कॅन्सर झाला म्हनून सांगतलं, अन् मी धानाले पानी देऊन राहिलो. लोक का म्हनतील? पोरगी डाक्टर, अन् बापाले दवाई देत नाही."

हसू आलं आणि रागही आला. लोकांचं जाऊ द्या, तुम्हालाही तसंच वाटतं का, एवढंच मला विचारायचं होतं. हिंमत झाली नाही. सलाईन मात्र लावली नाही, म्हणून तुम्ही अबोला धरलात.

मग साकोलीचे मामा आले. मी चहा ठेवत होते. बाहेरून तुमचा आवाज आला, "अजून कापनीले आलं नाही. कच्च्या धानाले कोनी विळा लावते का? पोरगी राखन करून राहिली."

पुस्तकाप्रमाणे हे साफ उलटं. कच्च्या पेशींनाच आम्ही आधी विळा लावतो. परीक्षेत तुम्ही नापास झाला असता. पण मी दुरुस्त करायला बाहेर गेले नाही, आणि चहा उतू गेला.

कापणीची पाळी आलीच नाही. तुम्ही भलत्याच दुखण्यानं, हृदयविकारानं गेलात.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग पेशंटसाठी आपण करायचं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "राखण." सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, ही सगळ्यात सोपी ट्रीटमेंट, काही करावंच लागत नाही.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मुलांना खोटं सांगितलं मी. तुमचं रक्त मीच तपासायची, आणि काच मायक्रोस्कोपखाली ठेवली की दरवेळी आधी मी डोळे मिटून घ्यायची.