कॉलेजचं गाडगं

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. चार घरांपलीकडे असलात तरी मी ओरडून बोलवत होते. आज लिहिते आहे, कारण उद्या कॉलेजचा वर्धापनदिन आहे, आणि उद्या मी काय करणार आहे ते आधी तुमच्या कानावर असावं.

सकाळी कॉलेजचे चेअरमन आले होते. "वहिनी, गुरुजींचा फोटू द्या. उद्या पुण्याचं पावणं येणार हायेत, हार घालू."

मी विचारलं, लावणार कुठे?

"हॉलमंदी. आमच्या आबांच्या फोटूखाली."

खाली! ऐकलंत?

हेच ना ते आबा, चेअरमनचे वडील? "कुणब्याची पोरं कॉलेजात गेल्यावर आमचा नांगर कोण धरील?" म्हणत, कॉलेजसाठी मदत मागायला गेलेल्या तुम्हाला ओट्यावरून घालवणारे? गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते! तुम्ही त्या दिवशी हसत घरी आलात. ते हसू मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

चाकणच्या बाजारामागे कांद्याच्या वखारीत सात पोरं घेऊन वर्ग उघडलात. मग पार आकुर्डीकडची पोरं राहायला आली. त्यांना खायला काय घालायचं? तुम्ही गावोगावच्या बायकांना सांगितलंत, दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य कॉलेजच्या गाडग्यात टाका. बायकांनी टाकली, स्वतः अर्धी भाकरी कमी खाऊन. दर रविवारी डोक्यावर पाटी घेऊन मी ती गाडगी रिकामी करून आणायची.

त्या मुठींवर वर्ग वखारीतून धर्मशाळेत गेला, धर्मशाळेतून दगडी इमारतीत. एकाच घरात गाडगं नव्हतं. आणि कोनशिलेवर नाव त्याच घरच्या आबांचं!

उद्घाटनाला तुम्हाला चपलांपाशी बसवलं. का, तर तुम्ही नुसते मॅट्रिक. उठून का आला नाहीत हो? उलट टाळ्या वाजवल्यात! "झालं गेलं गंगेला मिळालं," म्हणालात, आणि वर्षाच्या आत स्वतःच गेलात. माझं काही गंगेला मिळालेलं नाही. मला डूख धरता येतो.

फोटो दिला नाही. आसपासच्या गावांत सांगावा धाडला, उद्या प्रत्येकीने आपलं गाडगं आणून कोनशिलेपुढे ओतायचं. पाहुण्यांसमोर मी एकेका घराचं नाव पुकारणार आहे. पहिलं नाव चेअरमनच्या घरचं.

दिवेलागणीला त्यांची म्हातारी आई आली. पदराखाली गाडगं, काठोकाठ बाजरी.

"घे गं अनसूये. त्ये जित्ते हुते तवर मला एक मूठ टाकू दिली न्हाई."

मला दया आली. तरी म्हटलं, "इथे नको, काकी. उद्या नाव पुकारलं की सगळ्यांसमोर या."

तिने गाडगं उचललं.

"येते," म्हणाली. "पर रिकामं आणते. खरं त्येच हाय."

म्हातारीला यात ओढलंस म्हणून रागवाल, ठाऊक आहे. रागवा! पण शब्द देते, ती कोनशिला निघेपर्यंत तुमचा फोटो कुणाच्या भिंतीवर चढणार नाही, आणि माझ्या हातचा हारही त्याला मिळणार नाही. तोवर बसा माझ्या चुलीपाशी, आपल्या गाडग्याशेजारी.

तुमची,
डूख धरणारी
अनसूया