वेताळाचा डावा पाय

ठाणे,
सोमवार, ५ मे २०२५

देवजीमामास हर्षालीचा वाकून नमस्कार.

शाळेत मामाला 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं, पण तुला 'तुम्ही' लिहिलं तर दुसऱ्या कोणाचं पत्र आलं समजून तू ते बाजूला ठेवून देशील. म्हणून तूच. मी बरी आहे. आईचा गुडघाही बरा आहे, परवा जव्हारच्या बाजारात चालत जाऊन आली म्हणे. कोंडीमामीने दिलेले नागलीचे पापड संपले. ऑफिसातल्या लोकांनीच संपवले, मला चार मिळाले. तुमच्या विहिरीला अजून पाणी आहे ना?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला पटकन खोटं बोलता येतं. गेल्या महिन्यात बोललेच.

तू म्हणालास, "पोरी, तू कंप्युटरवाली. त्या मोबाइलच्या खेळात माझा वेताळ कोणी घातला, शोध ना जरा. त्याला म्हण, बाकी राहू दे, पाय तेवढा काढ." मी म्हणाले, "बघते हं मामा."

शोधायला कुठे जायचं नव्हतं. तो खेळ मीच केलाय.

आमची कंपनी नऊ माणसांची. पाच वर्षं मी रंगीत गोळ्या जुळवायचे खेळ केले. दवाखान्यात नंबर येईपर्यंत लोक ते खेळतात आणि विसरतात. मग 'सातवं तळघर' करायचं ठरलं. खेळणारा हातात टेंभा घेऊन जमिनीखाली एकेक मजला उतरत जातो. टेंभ्याचं तेल संपत असतं. वाटेत तलवार उचलायची की तेलाचा बुधला, दोन्ही उचलता येत नाही. प्रत्येक मजल्यावर एक राखणदार. असले खेळ ढिगाने पडलेत, आपलाही त्यात जाऊन पडणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. साहेबांचीसुद्धा.

पण खेळ चांगला झाला. तुला हे लिहिताना लाज वाटते, तरी सांगते, फार चांगला झाला. मी स्वतः केलेला असून जेवण विसरून खेळलेय. आमचे राखणदार नुसते अंगावर धावून येत नाहीत, संबळाच्या तालावर नाचतात. तो नाच ओळखला तरच पुढची वाट मिळते. सगळ्यांत खालच्या राखणदारासाठी तर माणसं पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात करतात. तो नाचता नाचता डावा पाय ओढतो आणि तिथे संबळ एक ठेका थांबतो. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसाने लिहिलं, त्या एका थांबण्यात सगळा खेळ आहे. ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेबांनी विचारलं, "हे सुचलं कसं तुला?"

मी म्हणाले, "सुचलं असंच."

तिथे कोणाला बोहाडा माहीत आहे? देवाराक्षसांचे मुखवटे घालून गावातून नाचत जायचं, ज्या घराचं सोंग त्याच घराने नाचवायचं, हे कोणाच्या गावीही नाही. म्हणून बिनधास्त बोलले. तू बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय अधू झाला तेव्हा सगळा पाडा म्हणत होता, देवजीचा वेताळ संपला. मग लक्ष्या संबळवाल्याने तुझ्या पायासाठी एक ठेका थांबून बघितलं आणि तुम्ही दोघं अख्खा उन्हाळा खळ्यात घाम गाळत होता. ते हे माझं सुचणं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले तेव्हा तू अंगणात माझ्यासाठी नाचलास. बोहाड्याशिवाय मुखवटा पेटीतून काढायचा नसतो, म्हणून उघड्या तोंडाने. मी मोबाइलवर घेत होते. "परत एकदा मामा, पाय नीट दिसला नाही." तीनदा नाचलास. "कशाला गं पोरी एवढं?" "आठवण म्हणून." नंतर मामी तुझ्या पायाला तेल चोळत होती. ते मी बघितलं होतं.

मुखवटा मात्र मी बदलला. लाल होता तो निळा केला, शिंगं लावली, दात वाढवले. वाटलं, आता कोण ओळखतंय! ठाण्याला राहून किती बावळट झाले बघ. लहानपणी मला खांद्यावर बसवून तूच शिकवलंस, "तोंडाकडं नको बघू, पायाकडं बघ. सांग, यातला बुध्या कोणता, ढवळू कोणता?" आपल्याकडे तोंड झाकलेलंच असतं, माणूस पायावरूनच ओळखतात. मी तोंड बदललं आणि पाय तसाच ठेवला.

या वेळच्या बोहाड्याचा व्हिडिओ तुमच्या शेजारच्या भावेशने पाठवला. उजाडत होतं. तुझं सोंग निघालं, तू पाय ओढलास, संबळ थांबला आणि पोरं ओरडली, "आत्ता! आत्ता मार!" खेळात तिथेच वार करायचा असतो. पोरांच्या मनात वाईट नव्हतं. आपला वेताळ मोबाइलात आला, याची त्यांना ऐटच होती. पुढच्या फेरीला मोठी माणसंही ओरडली आणि हसली. तिसऱ्या फेरीला तू उभाच राहिलास. देवळापर्यंत गेलाच नाहीस, भर वाटेत मुखवटा उतरवलास. वाटेत मुखवटा उतरवताना मी आजवर कोणाला पाहिलं नव्हतं. त्याखालचं तुझं तोंड मी एकदाच बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मी स्वतःला समजावत होते, साहेबांनी करायला लावलं. आधी मी असं केलं होतं की ठेका थांबला की खेळणाऱ्याने वाकून नमस्कार करायचा, मग राखणदार वाट सोडतो. साहेब म्हणाले, "शेवटी जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. मारायला काहीतरी दे." एवढं खरं आहे. पण कुठे मारायचं ते त्यांनी नाही सांगितलं. ते मी सांगितलं. कुठे वार केला की वेताळ पडेल, हे त्या ऑफिसात मला एकटीलाच माहीत होतं.

आज सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि तो वार काढून टाकू द्या, अशी विनंती केली. ते खुर्चीतून उठलेच. "अगं, ही तर कमाल गोष्ट आहे! मोखाड्याला जाऊन मामांचं शूटिंग करू, जाहिरातीत टाकू." मी नाही म्हणाले, चांगलं जोरात म्हणाले. वाराचं काय विचारलं तर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मीही तुला तेच म्हणाले होते.

आई सांगत होती, येत्या रविवारी बोहाड्याची गावबैठक आहे आणि तू वेताळ माघ्याच्या घराला देणार आहेस. पायाने आता जमत नाही, असं सगळ्यांना सांगतोयस. मामा, तुझ्या आज्याचं सोंग ते. पडल्यापासून दहा वर्षं त्याच पायाने तुला जमतंय. न जमण्यासारखं जे झालं ते मी केलंय, आणि ते तू स्वतःच्या पायावर घेऊन बसलायस. वेताळ देऊ नको.

मी रविवारी पहिल्या एसटीने येते. पण सगळे बसलेले बघितले की माझी बोबडी वळेल, मला मी ओळखते. म्हणून हे पत्र बैठकीत भावेशला मोठ्याने वाचायला सांग. पहिल्या ओळीपासून. मधलं काही गाळू देऊ नको. माझ्यावर दया येऊन तू ते लपवून ठेवशील, म्हणून दुसरी प्रत भावेशच्याच नावाने टाकतेय. लोकांना हसायचं तर माझ्यावर हसू देत, मी समोर बसलेली असेन.

माफ कर, असं तीनदा लिहिलं आणि खोडलं. माफी मागितली की ती तुला द्यावी लागणार, तू देशीलही. तुझ्याकडून मी आधीच न सांगता खूप नेलंय. आणखी काही मागत नाही.

भाची म्हणून सही करायचं धाडस होत नाही. ते रविवारी तू ठरव.

सरूची मुलगी,
हर्षाली