लिंपलेलं मडकं

आश्रुबा,

दारूसाठी आंबत घातलेल्या मोहाच्या सडव्याला दम घेऊ द्यावा लागतो, मडक्याच्या तोंडाला नुसतं फडकं बांध, म्हणून किती डाव सांगितलं तुला. वास लपवायला तू दोन्ही मडकी मातीनं लिंपून टाकलीस. दुपारी एक मडकं बंदुकीवानी फुटलं अन् खापर आपल्या मायच्या गालात घुसलं. आवाज ऐकून आबकारीचा जवान आत आला. रगतात पडलेल्या मायला त्यानं लाथ घातली, दारू कुठं हाय म्हणून. मग मी मुसळ घेतलं. त्याचा हात मोडलाय. दात चुलीपुढं पडलेत, भाकर करायच्या आधी झाडून घे.

मायला गाडीत घालून अंबाजोगाईला दवाखान्यात नेतोय. तिला टाके पडले की मी मोगलाईच्या हद्दीपार जाईन. माझी वाट बघू नको, मायला तेवढं घरी आण.

जवान जिता हाय. माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्या मडक्याला गळ्यात गळा घालून बांधलाय. ते मडकं आतून लई गुरगुरतंय. मी त्याला हात लावला न्हाई.

लिंपण तुझ्या हातचं हाय. फोडायचं तर तूच तोंड जवळ नेऊन फोड.

राधाकिसन