आईला रोज मोहबोडीला न्यावे

मी, रिना वामनराव खोब्रागडे, वय एकेचाळीस, धंदा फ्लेक्स डिझाइन व छपाई, राहणार राजुरा, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकात न येता, शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांचा दाखला त्यांनी दिला नाही, मी मागितलाही नाही. मला मरायचं नाही. पण मी आईच्या आधी जाणार हे आता नक्की आहे, आणि माझ्यामागे तिला गावी कोण नेणार या एकाच गोष्टीचा मला घोर लागला आहे. म्हणून हे लिहिते.

१. गाव. आमचं मोहबोडी कोळशाच्या खाणीत गेलं. तिथे आता खड्डा आहे. माझी आई बायनाबाई हिला हे आठवत नाही. रोज संध्याकाळी विचारते, "घरी कवा जाचं, रिना?" आणि ताटाला हात लावत नाही. म्हणून मी दुकान सांभाळून टॅबवर ते गाव उभं केलं. खेळच म्हणा, पण यात हारजीत नाही, फक्त चालायचं आहे. बोट सरकवलं की वाट पुढे येते: बोडी म्हणजे गावचं तळं, मोहाचं झाड, शाळा, विहीर, मग आमचं घर. दाराची कडी वाजते. कडी वाजली की आई जेवायला बसते.

हा टॅब, त्याचा पेन, दुकानातला कॉम्प्युटर आणि गावाचे सगळे हक्क मी पुनम धनराज वाढई हिला देते. ती दुकानात माझ्यासोबत काम करते आणि गावातली अर्धी कौलं तिने काढलेली आहेत. पुनम, चित्राला क्रिता वापर, घरं ब्लेंडरमध्ये उभी कर, खेळ गोडोमध्ये जोड. तिन्ही फुकट मिळतात. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून व्हायरस आणलास तर भूत होऊन येईन. आम्ही भूत मानत नाही, पण तुझ्यासाठी मानीन. मातीचा रंग खऱ्या फोटोतून उचल, तयार तपकिरी घेऊ नको, तो चॉकलेटचा दिसतो. आईला रंग भरायचा एक खेळही फोनवर आहे, त्यात ती सगळ्या बायांना हिरवं लुगडं नेसवते. भरू दे.

२. विहीर. पुनमचे वडील धनराजभाऊ, तेही मोहबोडीचेच, टॅबवरचं गाव पाहायला दुकानात आले होते. विहिरीपाशी आल्यावर म्हणाले, "रिनाबाई, वरचा ओटा सगळ्यायसाठी मोकळा दाखव न. आता कोन मानते ते?" मी म्हटलं, "भाऊ, आता कोनी मानत नाई, तं मंग होतं तसं दाखवाले काऊन जड जाते?" ते तडक उठून गेले. वरून पुनमला दुकानात यायची बंदी केली. पोरगी तरी आली.

आई तरणी होती तेव्हा आमच्या बाया ओट्याखाली घागरी ठेवून, वरून कोणी पाणी ओतेल म्हणून उभ्या राहत. पुढे ते बंद झालं. पण आईची आठवण पुन्हा तिथेच जाऊन बसली आहे. विहिरीशी आली की ती बोट उचलते आणि थांबते. अशा वेळी तिला घाई करू नये. म्हणावं, "आई, तूच ओढ." ती म्हणेल, "रागावतीन न वो." तेव्हा तिचं बोट धरून गोल फिरवावं, बादली वर येते. कधी ती ओढते, कधी नाही. नाही ओढली तर रागावू नये.

सबब, विहीर आहे तशीच राहील. धनराजभाऊंना टॅबवरच्या त्यांच्या घरावर माळाही हवा होता. तो मिळणार नाही. त्यांची कौलं फुटकी होती, फुटकीच राहतील.

३. राजुऱ्याचं घर स्वकष्टाचं आहे. ते माझा भाऊ आयुष याला देते, पण अटीवर. त्याने माजरीहून इथे राहायला यावं, आईला सांभाळावं आणि रोज जेवणाआधी तिला टॅबवर गावी न्यावं. गाव गेलं त्या बदल्यात त्याला खाणीत नोकरी लागली, एवढं तर त्याच्याकडून होईल. तो मला म्हणाला होता, "हे कार्टून काऊन दाखवून राह्यली तू तिले? अजून पागल करशीन." आयुष, तिला एकदा जेवू घालून पाहा, मग बोल. आणि फोनवर पैसे लावून पत्ते कुटणं याला मी खेळ समजत नाही. करमतच नसेल तर बुद्धिबळ खेळ, त्यात हरलं तरी घर जात नाही. अट पाळली जाते की नाही हे पुनम ठरवील. न पाळल्यास घर आणि आई दोन्ही तिच्याकडे जातील. तिला मी विचारलं आहे, ती हो म्हणाली.

४. माझ्यामागे बुद्धवंदना घ्यावी, तेरवी करू नये. श्रद्धांजलीचा फ्लेक्स तर मुळीच लावू नये. मेलेल्यांचे चेहरे गोरे करून, मागे ढग टाकून मी उभी हयात घालवली. माझ्या डोक्यामागे कोणी ढग टाकायचे नाहीत. शिवाय आईला दवाखान्यात चौकातूनच नेतात आणि माणसाचा चेहरा ती अजून ओळखते.

५. शेवटचं. मोहबोडीत मी एकही माणूस काढलेला नाही. काढला की तो आहे का गेला, हा प्रश्न येतो. पहिल्याच दिवशी आईने विचारलं, "गावात कोनीच काऊन नाई वो?" माझ्या तोंडून निघालं, "सारे वावरात गेले, आई." तिला पटलं. तेव्हापासून बाबा, शेजारची बुधरी, आईचे आईबाप, सगळे वावरातच आहेत.

आता ती माझ्याबद्दल विचारील. आयुष, तिच्यासमोर रडू नको. मी मेल्याचं तिला कोणीही सांगायचं नाही, ही माझी आज्ञा समजा. कडी वाजू दे, ताट पुढे कर, आणि म्हण, "रिना वावरात गेली."

लिहून ठेवणार: रिना वामनराव खोब्रागडे (सही)

रिनाबाईंनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचलं, मधे धाप लागली म्हणून थांबल्या, पाणी प्यायल्या आणि सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या. यातलं आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार: सुनिल पत्रू मडावी, राजुरा (सही)
साक्षीदार: रंजीता बापूजी दुर्गे, कोरपना (सही)

ठिकाण: राजुरा
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५