अनुसयेच्या मशीनचं पायडल

धानोरा,
ता. २० ऑक्टोबर १९३६

चि. सौ. अनुसया हीस पितांबरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोकला गेला की नाही, हे तू गेल्या दोन पत्रांत लिहिलेलं नाहीस. म्हणजे गेला नाही, असं धरून चाललो आहे.

खराद झाला! लाकूड गोल कातायचं हे यंत्र गुरुवारी मागच्या पडवीत उभं राहिलं. भिला लोहाराच्या जुन्या खरादाला एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. शाळा सुटल्यावर माझी दोरी कोण ओढणार? तुझ्या वहिनीने एक दिवस ओढली आणि दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. म्हणून हा पायाने चालणारा केला. खाली पायडल, त्याला जोडलेलं लोखंडी चाक, चाकावरून वर कण्याला चामड्याची वादी. पाय हलता ठेवला की दोन्ही हात मोकळे. पहिल्या दिवशी मी पटाशी इतकी जपून टेकवली, की भिला म्हणाला, मास्तर, हाई लाकूड शे, पोरेस्ना पेपर नही.

पायडल आणि चाक कुठून आणलं, असं विचारशील. आईने तुला दिलेली शिवणाची मशीन तिच्या आजारपणापासून इथेच आहे, त्या मशीनच्या खालचा सांगाडा घेतला. विचारल्याशिवाय नाही हो! श्रावणात तुझ्या यजमानांना, हिलालरावांना, रीतसर पत्र घातलं. उलट टपाली त्यांचं उत्तर आलं की खुशाल घ्या, पडूनच तर आहे. मशीनचं डोकं तेल लावून फडक्यात बांधून ठेवलं आहे.

सोबत पहिलं लाटणं पाठवतो. मधे जरा पोट सुटलं आहे, मास्तरसारखंच. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझा दादा


शहादा,
ता. २६ ऑक्टोबर १९३६

ती. दादास अनुसयेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लाटणं पोचलं. पत्र तीनदा वाचलं, तेव्हा खरं वाटलं.

यांनी मला काही सांगितलं नव्हतं. श्रावणातलं तुझं पाकीट मीच उघडलं होतं. आत एक घडी माझ्या नावाची, एक यांच्या. यांची मी न वाचता यांच्या हाती दिली. आता विचारलं तर म्हणतात, तुन्हा भाऊनी मांगं, मी दी टाकं, त्यात रडायचं काय? आषाढात मी मशीन आणू म्हटलं, तर प्रकाशा गावापाशी तापी चढली आहे म्हणाले. दसऱ्याला म्हटलं, तर बैल कापसाला लागले आहेत म्हणाले.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. इथल्या कन्याशाळेत शिवण शिकवायला बाई हवी आहे. पायाची मशीन स्वतःची हवी, एवढी एकच अट. मुख्य बाईंनी माझं नाव धरलं आहे. नक्की झालं की तुलाच गाडी घेऊन ये म्हणणार होते. आठ तारखेला मशीन दाखवायची आहे.

मशीन आईने मला दिली, यांना नाही. तेव्हा तू शेजारीच बसला होतास. मग यांना का विचारलंस? एवढंच सांग.

लोभाचा शब्द आज लिहवत नाही.

अनुसया


धानोरा,
ता. १ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. अनुसयेस आशीर्वाद. हा शब्द लिहावा की नाही, यात बराच वेळ गेला.

पत्र आलं त्याच दिवशी भिलाला बोलावलं. सांगाड्याचे वरचे दोन कान, ज्यांवर मशीनची फळी बसते, ते पटाशीला आड येतात म्हणून मी कापून काढले होते. सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. भिला म्हणतो, बीड तुटलं ते तुटलं, ते सांधत नाही. नंदुरबारला दोन दुकानांत जाऊन आलो. नुसता सांगाडा कोणी विकत नाही, सुरतेहून यायला पाच आठवडे लागतील. हाताने फिरवायची मूठ तेवढी मिळाली. ती आणि मशीनचं डोकं मोटारीने पाठवत आहे.

आता तुझा प्रश्न. तीन दिवस मी मनात उत्तर जुळवत होतो, की लग्न झालेल्या बहिणीच्या वस्तूबद्दल तिच्या नवऱ्याला विचारावं ही रीत आहे, ती मी पाळली. मग रोजनिशी काढली. श्रावणातल्या एका सोमवारी माझ्याच अक्षरात आहे: सांगाड्याबद्दल अनुसयेला लिहिलं तर ती नाही म्हणेल. हिलालराव हो म्हणतील. त्यांनाच लिहावं. पुढची ओळ पावसाची आहे.

तेव्हा रीत वगैरे काही नव्हतं. जिथून होकार येईल तिथे विचारलं, आणि वर तुला अभिमानाने कळवलं. हिलालरावांनी लपवलं खरं, पण त्यांना विचारायला गेलो तो मी.

खराद मोडून टाकतो. मी शहाद्याला येऊन मुख्य बाईंना सगळं सांगू का? तू म्हणशील तसं. लोभ मागायचं तोंड नाही, उत्तर मात्र मागतो.

दादा


शहादा,
ता. ९ नोव्हेंबर १९३६

ती. दादास नमस्कार. वि. वि.

डोकं आणि मूठ वेळेत पोचली. काल शाळेत घेऊन गेले. मुख्य बाईंनी चालवून पाहिली. म्हणाल्या, एक हात मुठीला अडकला तर मुलींना कापड धरायचं कसं दाखवाल? त्यांनी चहा दिला. जागा दोंडाईच्याच्या एका बाईंना मिळाली.

खराद मोडू नकोस. तो मोडून मला काही मिळणार नाही. तुझ्या मनाला मात्र बरं वाटेल, आणि ते मी तुला देणार नाही. तो चालव.

यांच्यावर माझा राग नाही. हे असं करतील, हे मी धरूनच होते. म्हणून तर मशीन तुझ्या घरी ठेवली होती.

तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तू बरोबर ओळखलंस. माझ्याजवळ तेवढा एकच नकार होता, दादा. बाकी कशाला मला कोणी विचारत नाही.

पुढच्या सोमवारी भाऊबीज आहे. येऊ नकोस. दादाला शाळेची कामं आहेत, असं मी इथे सांगितलं आहे. वहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. तुला ते जमतं.

अनुसया